पंधरा पावलं मेंदी

कार्तिकात ताईचा फोन येतो तो कापसापासून सुरू होतो. वेचायला बाया मिळतात की नाही, पऱ्हाटीला यंदा बोंडं किती, कोणाचं वावर अळीनं खाल्लं. तिच्या स्वतःच्या नावावर एक ओळही कपाशी नाही. जन्मभर पहिलीच्या पोरांना अ-आ-ई शिकवत आली. पण कार्तिकात कापसाखेरीज दुसऱ्या कशानं बोलणं सुरू करता येतं, हे तिला मान्यच नाही. यंदाही तसंच झालं. मी इकडे अमरावतीला फोन खांद्यात धरून मेथी निवडत हूं-हूं करत होते. मग तिचा आवाज जरा उतरला.

"सुमे, बगीच्यातली मेंदी काढून राह्यले. यंदा वास नाही येनार."

"बरं झालं," मी म्हणाले.

असं काहून म्हणते, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थाप मारली असती. त्या मेंदीच्या बाबतीत थापा मारायचा माझा अनुभव दांडगा आहे. फोन ठेवल्यावर मेथीची जुडी बराच वेळ तशीच पडून राहिली.

मेंदीला फुलं येतात हे पुष्कळांना माहीतच नसतं. आपण पाहतो ती कुंपणाची मेंदी, कंबरेएवढी, चारी बाजूंनी तासलेली. तिला कैची लागत राहते, म्हणून ती नुसती पानंच देत राहते. फुलायचं तर माणसांनी तिला विसरावं लागतं. मग ती डोक्याच्या वर जाते, खोड धरते, आणि पाऊस सरला की बारीक पिवळट झुबक्यांनी भरून येते. दिवसा तिच्याकडे कोणी पाहणार नाही. संध्याकाळी मात्र वास सुटतो, दाट आणि गोड, थोडा मातीचा. आमच्या गावच्या बगीच्यात अशी पंधरा पावलं मेंदी होती. तिचा वास बसस्टँडपर्यंत यायचा. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "कायचा वास हाय हो?" गावाला तो आवडायचा. मी मात्र तेवढी पंधरा पावलं नाकाला पदर लावून जायचे.

आमचं गाव नेर आणि बाभुळगावच्या मधल्या पट्ट्यात कुठंतरी आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर ओळखणारे ओळखतील आणि मग ताईला घरी येऊन विचारतील. गावाला नगरपालिका होती म्हणून बगीचा होता. नगरपालिका असली की एक बगीचा, एक वाचनालय आणि एक बंद पडलेलं कारंजं असायलाच हवं, असा कुठंतरी नियम असावा. आमचं कारंजं पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला उडायचं, तेही पाहुणे उभे असतील त्याच बाजूला. एक सिमेंटचं हरीण होतं, त्याचं एक शिंग माझ्या जन्माच्या आधीच तुटलं होतं. घसरगुंडी होती, ती उन्हाळ्यात चड्डीतून चटके द्यायची. लिंबाखाली बाक होते. आणि मधोमध खांबावर भोंगा होता. त्यातून संध्याकाळी नगरपालिकेचा रेडिओ लागायचा. आधी बातम्या, मग बाजारभाव, मग गाणी. आम्ही पोरी गाण्यांसाठी बाजारभाव सोसायचो आणि म्हातारे बाजारभावासाठी आम्हाला सोसायचे.

म्हातारी माणसं सांगायची की बगीचा होण्याआधी ती कापसाच्या गाड्या सोडायची जागा होती. बैल तिथं बसायचे, कडबा पडलेला असायचा. मग कोण्या अध्यक्षाच्या मनात आलं की गावाला हिरवळ पाहिजे. आलं मनात ते आलं, पण भिंत बांधायची ऐपत नव्हती. म्हणून चारी बाजूंनी मेंदी लावली, कारण मेंदीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. गरिबीतून लावलेलं ते कुंपण. पण त्यानं गावाला जे दिलं, ते भिंतीनं दिलं नसतं.

त्या मेंदीचा माळी बशीरचाचा. अंगानं काटकुळा. नगरपालिकेचा खाकी शर्ट त्याला दोन मापं मोठा, डोक्यावर जाळीची टोपी, आणि सायकलीच्या दांडीला फडक्यात गुंडाळलेली लांब कैची. तो झाडांना हिंदीत रागवायचा आणि माणसांशी वऱ्हाडीत बोलायचा. त्याची मुलगी रेहाना माझ्या वर्गात होती. ताई तेव्हा शिक्षिका व्हायचं शिकत होती. येता-जाता ती कुंपणावरून हात कपाळाला लावून मोठ्यानं म्हणायची, "सलाम चाचा!" तो कैची थांबवायचा आणि म्हणायचा, "जीती रह बेटा." रोज हेच. एखाद्या दिवशी ताई घाईत विसरली तर तो मागून ओरडायचा, "आज सलाम महाग झाला का वो?"

आता जे सांगणार आहे ते दुसऱ्या कुठल्या गावात होतं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्याकडे लग्नाची तारीख निघाली की पत्रिका छापायला टाकायच्याही आधी घरातलं कोणीतरी बगीच्यात जाऊन बशीरचाचाला सांगून यायचं. कारण हातावर रंग चढतो तो कोवळ्या पानाचा. जून पान कितीही वाटा, हात नारिंगीच राहतो. आणि कोवळं पान हवं तर आधी कैची लागली पाहिजे. उन्हाळ्यात पस्तीस दिवस लागतात, थंडीत पन्नास. चाचा विचारायचा, "कवाची हाय?" मग बोटांची पेरं मोजायचा आणि कुंपणाच्या कडेनं चालत जायचा. प्रत्येक नवरीला पंधरा पावलं. सराफाची असो की हमालाची, पंधराच. तेवढा तुकडा तो नेमक्या दिवशी खोल छाटायचा, रोज दोन डबे पाणी जास्त द्यायचा, आणि मग त्याला कोणी हात लावायचा नाही. हळदीच्या आदल्या दिवशी त्या घरच्या बाया टोपली घेऊन यायच्या आणि पान खुडून न्यायच्या. दुपारी रेहाना आणि तिची आई वाटायला आणि हातावर काढायला जायच्या. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, बौद्धांच्या घरी, सगळीकडे त्याच कुंपणाची मेंदी.

त्यामुळे झालं असं की गाव कुंपण वाचायला शिकलं. नुसत्या काड्या दिसल्या म्हणजे तारीख निघाली. तांबूस फुटवा दिसला म्हणजे बस्ता बांधायला निघाले असतील. पोपटी झालं की मांडव आलाच. "दवाखान्याकडच्या बाजूले कोनाचं हाय?" एवढं विचारलं की पुरे. एकाच वेळी पाच-सहा तुकडे छाटलेले असले की बगीचा ठिगळं लावल्यासारखा दिसायचा आणि लोकांना बरं वाटायचं. कुंपणाला कैची लागतेय म्हणजे गाव चालू आहे.

मग कापसाला भाव नसलेली ती वर्षं आली. त्या वर्षांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे आणि ते वाचताना मी पानं उलटते. मला आठवतो तो बगीच्याच्या बाजूनं लागलेला गाड्यांचा ठिय्या. खरेदी उशिरा सुरू झाली आणि सुरू होऊनही पुढं सरकेना. मार्केटच्या फाटकापासून गाड्यांची रांग निघायची, बगीच्याच्या कडेकडेनं वळून नाल्यापर्यंत जायची. बैल रवंथ करत बसलेले, तीन दगडांच्या चुली, धूर. आणि कापसाचा तो कोरडा, घशात बसणारा वास. वाऱ्यानं सुटलेला कापूस मेंदीत अडकायचा. सकाळी दवात भिजलेले ते पांढरे पुंजके बशीरचाचा एकेक करून काढायचा आणि जवळच्या गाडीत टाकायचा. "ज्याचा त्याले," म्हणायचा. कोणाचा ते कसं कळायचं, देव जाणे. संध्याकाळी भोंग्यातून बाजारभाव लागले की रांगेतली माणसं उठून उभी राहायची आणि संपले की पुन्हा बसायची. गाणी मग कोणी ऐकत नव्हतं.

त्या वर्षी कुंपण वाढलं. तुळशीचं लग्न झालं तरी चारी बाजू तशाच. "कापूस निघाला की पाहू," हे एकच वाक्य घराघरातून ऐकू येत होतं. चाचा कैची घेऊन यायचा, वरवर हात फिरवल्यासारखी टोकं कापायचा आणि बाकावर बसायचा. काही शहाण्या बायांनी बाजारातून तयार कोन आणायला सुरुवात केली होती, पण ते अजून हलकं समजलं जायचं.

आमच्याही घरी तेच वाक्य होतं. बाबा शाळेत गुरुजी होते. ताईसाठी बाभुळगावकडचं स्थळ आलं होतं. घरी कपाशी, मुलगा चांगला शिकलेला, हसरा. पाहणं झालं, पसंती झाली, दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जेवून गेली. राहिली होती फक्त बैठक आणि तारीख. मुलाचे वडील म्हणाले होते, "कापूस काट्यावर चढू द्या गुरुजी, आठ दिवसांत बैठक बसवू. माघात लगन उरकून टाकू." बाबा म्हणाले, ठीक. ताईनं त्या दिवसांत एक पिवळी साडी तीन वेळा धुऊन इस्त्री केली होती. ती तिनं एकदाही नेसली नव्हती.

मी सतरा वर्षांची होते आणि मला हिशेबाची खोड. गणिताची नाही, दिवसांची. माघातलं लग्न म्हणजे थंडीतली मेंदी. थंडीतली मेंदी म्हणजे पन्नास दिवस. मी कॅलेंडरवर मागं मोजत गेले आणि माझं बोट त्याच आठवड्यावर येऊन थांबलं. बैठक आणखी पंधरा दिवसांनी बसली, तर पान तयारच होणार नव्हतं. माझ्या ताईला जून पानाचा नारिंगी हात, नाहीतर बाजारातला कोन! लग्न होणार हे तर नक्की होतं. साडीसुद्धा धुऊन ठेवलेली होती. मग माणसांनी थांबावं, पण मेंदी कशी थांबेल? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरा-नवरी दोघंही शांत होती, आणि बाशिंग मीच बांधून बसले होते.

एका दुपारी शाळेतून येताना मी बगीच्यात शिरले. चाचा हरणाच्या सावलीत डबा खात होता.

"चाचा, ताईची तारीख निंगली. माघातली हाय. बाबानं सांगतलं, कैची लावा."

त्याचा हात डब्यातच थांबला. मी त्याचा चेहरा विसरलेले नाही. चारी बाजू वाढलेल्या त्या बगीच्यात त्या हंगामातली पहिली नवरी त्याला मिळाली होती.

"वनिताची?" तो म्हणाला. "खरंच सांगून राह्यली ना बेटा?"

"खोटं कायले सांगू?"

त्यानं उरलेली भाकर तशीच फडक्यात बांधली. रस्त्याकडची, गाड्यांच्या रांगेसमोरची, सगळ्यात चांगली बाजू निवडली आणि पंधरा पावलं मोजली. मला वाटतं त्यानं त्या दिवशी पावलं जरा मोठीच टाकली. कैचीचा आवाज नाल्यापर्यंत गेला. गाड्यांवरची माणसं मान वर करून पाहू लागली. किती दिवसांनी कुंपणाला कैची लागत होती.

"कोनाची हो?" कोणीतरी विचारलं.

"गुरुजीच्या मोठ्या पोरीची," चाचा अभिमानानं म्हणाला.

त्या रांगेत, तिसऱ्या की चौथ्या गाडीवर, मुलाचा चुलतभाऊ बसलेला होता. हे मला नंतर कळलं. आठवडाभर तो तिथं गाडीवर झोपत होता, त्यांचाच कापूस घेऊन.

मुलाचे वडील तिसऱ्या दिवशी आले. चहा घेतला नाही. त्यांच्या धोतराला कापूस चिकटलेला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

"गुरुजी, मायी गाडी अजून फाटकाबाहेर उभी हाय. मी घरात तोंड लपवून बसलो हाय का लगन कसं करू. अन् तुम्ही तारीख काढून मोकये झाले? आमच्या घरच्या लगनाची तारीख आमाले कुंपनानं सांगावी?"

बाबांना काही समजेना. त्यांनी शपथा घेतल्या, हात जोडले. पण अडलेल्या माणसाला एकदा वाटलं की समोरचा आपल्याला घाई करतोय, की मग शपथा काय करणार. संबंध मोडला. मी पुढं पुष्कळदा मनाला सांगितलं की तो तसाही मोडला असता. त्या वर्षी किती मोडले. त्या माणसाला निमित्तच हवं असेल. हे सगळं खरंही असेल. पण निमित्त मी दिलं होतं.

बाबा तडक बगीच्यात गेले. मी मागोमाग गेले. का गेले, तर वाटेत सांगून टाकावं म्हणून. वाट संपली आणि मी सांगितलं नाही. भोंग्यावर बाजारभाव चालू होते, रांगेतली सगळी माणसं उभी होती.

"बशीर, तुले कोनं सांगतलं? मायी पोरगी बदनाम केली तू! कोनं सांगतलं तुले?"

चाचानं बाबांकडे पाहिलं. मग बाबांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पायातल्या चपलेकडे पाहू लागले.

"कोनी नाही सांगतलं गुरुजी," तो म्हणाला. "म्याच अंदाज बांधला. गलती मायी हाय."

"अंदाज? लोकाइच्या पोरींच्या लगनाचा अंदाज बांधतो तू?"

"गलती झाली," तो पुन्हा म्हणाला, आणि कैची खाली ठेवली.

त्या एका संध्याकाळी कुंपणाची इभ्रत गेली. माळी अंदाजानं छाटतो म्हटल्यावर मग त्या छाटण्याचा कोण काय अर्थ लावणार? लोकांनी त्याला सांगायला जाणं हळूहळू सोडलं. एकानं सोडलं, दुसऱ्यानं सोडलं, बाजारातले कोनही आता हलके राहिले नाहीत. दोन-तीन वर्षांत असं झालं की तारीख निघाल्यावर बगीच्याकडे कोणी फिरकेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसा त्यानं तो सोसला. खाकी शर्टात तो पुढंही यायचा, चारी बाजू सरळ रेषेत कापायचा. फक्त ती पंधरा पावलं सोडून. तिथं त्यानं परत कैची लावली नाही. बाकीचं कुंपण पुढं वाळलं, तुटलं, कुठं तार आली, कुठं टपऱ्या आल्या. ती पंधरा पावलं मात्र वाढत गेली, झाडं झाली, फुलली. गाव म्हणालं, बशीरनं गुरुजींवरच्या रागानं ती बाजू सोडली. बाबांनी शाळेत जायचा रस्ता बदलला. ताईला नोकरी लागल्यावर तिचा रस्ता मात्र तिथूनच होता. तिनं सलाम करणं सोडलं होतं.

ताईचं लग्न झालं नाही. आणखी दोन स्थळं आली, मग बाबा आजारी पडले, मग ती म्हणाली, आता पुरे. ती सुखी नाही असं मी म्हणणार नाही. तिचा आवाज अजून वर्गाबाहेर ऐकू येतो, तिच्या पहिलीतल्या पोरांची पोरं आता तिच्या पहिलीत आहेत. माझं लग्न झालं, अमरावतीला. माझ्या हाताला बाजारातला कोन होता. रंग छान आला होता.

फोन आला त्याच आठवड्यात मी गावी गेले. एसटीच्या खिडकीतून दोन्हीकडे बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस दिसत होता. आता गाड्यांऐवजी टेम्पो जातात, पण काटा आपला वाटा घेतोच. संध्याकाळी मी आणि ताई बगीच्यात गेलो. हरीण नव्हतं. व्यायामाची रंगीत यंत्रं होती, फरशा रचून ठेवल्या होत्या. रस्त्याच्या बाजूला मेंदीची झाडं मुळासकट आडवी पडली होती. खोडं माझ्या दंडाएवढी. फुलं अजून सुकली नव्हती, आणि जमिनीलगतूनही तोच वास येत होता.

मी तिथंच, फरशांच्या ढिगावर बसून, ताईला सगळं सांगितलं. पन्नास दिवस, कॅलेंडर, हरणाची सावली, "खोटं कायले सांगू". इतकी वर्षं जे सांगायला धजले नव्हते, ते सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. मग मी तिच्या रागाची वाट पाहत राहिले. तो राग मी मनात किती वेळा ऐकला होता, तिच्या तोंडच्या सगळ्या वाक्यांसकट.

ताईनं एका आडव्या खोडावर हात ठेवला.

"येडे, बयताडे," ती म्हणाली. "मायं जाऊ दे. त्या घरात जाऊन काय झालं असतं, कोनाले ठाऊक. पन मले वाटे, त्यानं मले चिडवाले ठेवली ही बाजू. रोज जाता-येता वाटे. तो कैची थांबवून पाहे माह्याकडे, अन् मी तोंड फिरवून निंगून जावो. मरेपर्यंत त्या मानसाले मी सलाम नाही केला, सुमे."

मी एवढी वर्षं ताईची गुन्हेगार म्हणून जगले. तिच्या वाढदिवसाला जरा जास्तच भारी साडी घ्यायची, तिच्या आजारपणात रजा टाकून धावायचं. आणि ज्याच्या डोक्यावर माझा खोटेपणा ठेवून मी चपलेकडे पाहत उभी राहिले, त्या माणसाची मला कधी नीट आठवणही झाली नव्हती. त्याच्या मयतीची बातमी ताईनंच फोनवर दिली होती. तेव्हाही ती कापसापासून सुरू झाली होती, आणि मी हूं-हूं करत होते.

ताईनं वाकून पडलेल्या फांद्यांवरचं ओंजळभर पान खुडलं, पदरात घेतलं. "चाल," म्हणाली. "रेहानाच्या घरी."

रेहाना नवऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानामागं राहते. तिनं आम्हाला ओळखलं, आत घेतलं, चहा ठेवला. मी तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं नसतं. ती ऐकत राहिली, दुधावरची साय चमच्यानं बाजूला करत. अब्बांनी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

"मले एवढं ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी लय डाव म्हनलं, अब्बा, ती बाजू छाटून टाका, साप निंगतीन. तं म्हनत, ते पंधरा पावलं गुरुजीच्या पोरीचे हायेत. एकदा देल्ले ते देल्ले. तिची तारीख निंगू दे, मंग छाटू." ती थांबली. "रिटायर झाल्यावर बी डबा घेऊन पानी टाकाले जात. शेवटी शेवटी मले धाडत."

गावानं राग वाचला, ताईनं टोमणा वाचला. मी तर त्या बाजूला पाहणंच टाळलं. आणि तो माणूस तिथं नुसता वाट पाहत उभा होता.

ताईनं पदर सोडला. "रेहाना, पाटा हाय का तुया घरी?"

रेहानानं पान बोटांत चोळून पाहिलं. "जून हाय ताई. याचा रंग नाही चढनार."

"नको चढू दे."

मीच वाटलं. ते पान पाट्यावर घसरत होतं, लवकर बारीक होत नव्हतं. रेहानानं काडीनं ताईच्या उजव्या हातावर मेंदी काढली, पूर्वी नवरीला काढायची तशी, बोटांच्या टोकांपासून. पन्नाशीच्या, खडूनं कोरड्या पडलेल्या त्या हातावर रेघा नीट बसेनात. ताई हसत होती, "उद्या पोरं काय म्हनतीन" म्हणत होती.

सकाळी रंग आला तो नारिंगीच, फिका. शाळेत जायच्या आधी ताई मला कबरस्तानाकडे घेऊन गेली. आत गेली नाही. फाटकाबाहेर उभी राहिली आणि तो हात कपाळाला लावला. "सलाम चाचा," एवढंच म्हणाली, वर्गात बोलते तितक्याच मोठ्यानं.

माझा हात उचलला गेला नाही. मी तिच्या मागे उभी होते, तेव्हा बाबांच्या मागे होते तशीच, आणि पायातल्या चपलेकडे पाहत होते.